सालईच्या डिंकाची परीक्षा

सातपुड्याच्या दगडाळ उतारावर उन्हाळा लागता लागता सालईचं झाड ओळखणं सोपं असतं. अंगावर एकही पान नसतं. राखाडी-हिरवट सालीचे कागदासारखे पातळ पापुद्रे सुटलेले असतात आणि फांद्यांच्या टोकांशी बारीक पांढऱ्या फुलांचे तुरे आलेले असतात. मेळघाट, धुळे-नंदुरबारचे डोंगर, विदर्भातल्या कोरड्या टेकड्या, जिथे माती कमी आणि दगड फार तिथे सालई तग धरून असते. घरबांधणीत तिच्या लाकडाला फारशी किंमत नाही. पण मध्य प्रदेशात नेपानगरला देशातला पहिला न्यूजप्रिंटचा कारखाना उभा राहिला, १९५६ मध्ये त्याचं उद्घाटन झालं, तेव्हा लगद्यासाठी बांबूच्या जोडीला सालईचंच लाकूड निवडलं गेलं. देशातल्या वर्तमानपत्रांच्या कागदात या झाडाचा वाटा होता, हे आज फार थोड्यांना ठाऊक असेल.

सालईची खरी दौलत तिच्या सालीत आहे. पावसाळा सरल्यावर साधारण छातीच्या उंचीवर सालीचा पातळ पट्टा काढतात. त्या जागी सोनेरी, चिकट, वासाचा स्राव पाझरू लागतो. तो खरवडून घ्यायचा, जखम थोडी ताजी करायची, पुन्हा थांबायचं. असं पुढचा पावसाळा तोंडावर येईपर्यंत चालतं. जमा झालेला ओला डिंक बांबूच्या टोपल्यांत महिनाभर ठेवतात. त्यातला पातळ भाग हळूहळू गळून जातो, त्याला 'रस' म्हणतात. टोपलीत उरतो तो घट्ट डिंक. निखाऱ्यावर टाकला की त्याचा सुगंधी धूर होतो. अरबस्तान आणि सोमालियातला जगप्रसिद्ध धूप ज्या झाडांपासून मिळतो ती याच वंशातली भावंडं.

औषधाच्या दुकानात 'शल्लकी' नावाने मिळणाऱ्या गोळ्या याच डिंकाच्या अर्काच्या असतात. लोक त्या गुडघेदुखीसाठी घेतात, आणि डब्यावर बहुतेक वेळा हजारो वर्षांच्या परंपरेचा हवाला असतो. परंपरा आहे, यात शंका नाही. ती नेमकं काय सांगते हे मात्र पाहायला हवं. चरकसंहितेत शल्लकीची साल येते ती मलाचा बिघडलेला रंग सुधारणाऱ्या द्रव्यांच्या गणात. सुश्रुतसंहितेत शल्लकी रोध्रादि गणात आहे. तो गण मेद आणि कफाचे विकार, योनिदोष, स्राव थांबवणं अशा कामांसाठी सांगितलेला. आज ज्या झिजलेल्या गुडघ्यासाठी डिंकाचा अर्क विकला जातो, तो गुडघा या दोन नोंदींत नाही.

परंपरेला कमी लेखायचं म्हणून मी हे सांगत नाही. एखादं झाड माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या हाताळलं, जाळलं, पोटात घेतलं, जखमेवर लावलं, तर अभ्यासाच्या रांगेत त्याला पुढची जागा मिळायला हवी. लाखो वनस्पतींमधून कुठली आधी तपासायची हे ठरवायला एवढा चांगला मार्गदर्शक दुसरा नाही. पण रांगेत पुढे उभं राहणं म्हणजे परीक्षा पास होणं नव्हे. परंपरा सालीबद्दल बोलत असेल आणि बाजार डिंकाच्या अर्काबद्दल, तेव्हा तर परीक्षा मुळापासून घ्यावी लागते. सालईच्या बाबतीत ती गेली चार दशकं चालू आहे, आणि तिचा मोठा भाग भारतात, त्यातही नागपूर आणि पुण्यात झालेला आहे.

आधी सुजेबद्दल थोडं. लाली, ऊब, सूज आणि वेदना ही दाहाची चार लक्षणं रोमन लेखक सेल्सस याने दोन हजार वर्षांपूर्वी नोंदवली. पाय मुरगळला, काटा रुतला, सांधा आतून झिजला, कारण कुठलंही असो, पेशींच्या आवरणातून ॲराकिडॉनिक आम्ल नावाचं एक स्निग्धाम्ल सुटतं. शेतातल्या पाटाला दोन फाटे फुटावेत तसे त्याचे पुढे दोन मार्ग होतात. एका मार्गाने प्रोस्टाग्लँडिन तयार होतात, दुसऱ्याने ल्युकोट्रायीन. प्रोस्टाग्लँडिनमुळे रक्तवाहिन्या फुगतात आणि मज्जातंतू हळवे होतात, मग साधा स्पर्शही ठणकतो. ल्युकोट्रायीन पांढऱ्या पेशींना दुखऱ्या जागी बोलावून आणतात. ॲस्पिरिन पहिला मार्ग अडवते, हे जॉन व्हेन यांनी १९७१ मध्ये दाखवलं. ल्युकोट्रायीनचं काम बेंग्ट सॅम्युएलसन यांचं. या दोघांना आणि सुने बर्गस्ट्रोम यांना १९८२ चं नोबेल मिळालं.

पहिला मार्ग अडवण्याची किंमत आपल्याकडच्या अनेक घरांना माहीत आहे. जठराच्या अस्तराचं रक्षणही प्रोस्टाग्लँडिनच करतात. म्हणून गुडघ्यासाठी वर्षानुवर्षं डायक्लोफेनॅक घेणाऱ्या माणसाला पुढे पोटातली जळजळ, व्रण, कधी रक्तस्राव भोगावा लागतो, मूत्रपिंडावरही ताण येतो. पोट सांभाळून सूज उतरवणारं काही मिळालं तर त्याची गरज खरीखुरी आहे. सालईच्या डिंकाकडे शास्त्रज्ञ वळले ते या गरजेपायी.

जम्मूच्या प्रादेशिक संशोधन प्रयोगशाळेतल्या जी. बी. सिंग आणि सी. के. अटल यांनी डिंकाचा अल्कोहोलमध्ये अर्क काढला आणि उंदरांवरच्या चाचण्यांचे निष्कर्ष १९८६ मध्ये प्रसिद्ध केले. त्यातली मुख्य चाचणी आजही जगभर वापरली जाते, म्हणून ती जरा जवळून पाहू. लाल सागरी शेवाळापासून कॅराजीनन नावाचा पदार्थ मिळतो. आइस्क्रीम दाट व्हावं म्हणून घालतात तोच. त्याचं एक टक्क्याचं द्रावण, एका मिलिलिटरचा दहावा भाग, पांढऱ्या उंदराच्या मागच्या पायाच्या तळव्यात टोचतात. पाय सुजू लागतो आणि तीन ते पाच तासांत सूज कळसाला पोचते. किती सुजला हे नजरेवर सोडत नाहीत. घोट्याशी शाईने एक रेघ ओढतात आणि त्या रेघेपर्यंत पाय द्रव भरलेल्या नळीत बुडवतात. द्रव जितका वर चढला तितकं पायाचं आकारमान. पूर्वी नळीत पारा असे, आता पाणी असतं. पाय रेघेच्या जरासा वर बुडला किंवा उंदराने तो आखडून घेतला तरी आकडा चुकतो, म्हणून मोजणाऱ्याचा हात सरावाचा लागतो. आणि कुठल्या उंदराला काय दिलं आहे हे त्याला माहीत नसलेलं बरं.

उंदरांचे निदान तीन गट करतात. एकाला नुसतं द्रावण, एकाला इंडोमेथासिनसारखं नावाजलेलं औषध, एकाला अर्क. पहिल्या गटाच्या तुलनेत सूज किती टक्के रोखली गेली ते काढतात. घड्याळही बोलतं. सुरुवातीच्या तासात हिस्टामिन आणि सेरोटोनिन यांचा जोर असतो, प्रोस्टाग्लँडिन नंतर येतात. अर्काचा परिणाम कुठल्या तासाला दिसतो यावरून तो काय अडवत असावा याचा अंदाज बांधता येतो.

सिंग आणि अटल यांच्या कामात एक पायरी मला फार मोलाची वाटते. त्यांनी अधिवृक्क ग्रंथी काढून टाकलेल्या उंदरांवरही हीच चाचणी केली. याचं कारण असं की, कुठलाही त्रासदायक अर्क शरीरात गेला की शरीर ताणाखाली येतं, मूत्रपिंडांवर बसलेल्या या ग्रंथी स्वतःचं स्टेरॉइड सोडतात आणि त्यानेच सूज उतरते. वनस्पतीने काही केलेलं नसतं, तरी श्रेय तिला जातं. ग्रंथी काढलेल्या उंदरांतही सालईचा अर्क तितकाच लागू पडला, तेव्हा ही शंका मिटली. जठरात व्रण झाले नाहीत, हेही दिसलं. मात्र कातडीखाली कापसाची गोळी ठेवून तिच्याभोवती जुनाट दाहाची गाठ वाढवण्याची जी चाचणी असते, तिच्यात अर्काने नाव घेण्यासारखं काही केलं नाही. ही नकारात्मक नोंद त्यांनी लपवली नाही. जो शोधनिबंध आपलं झाड प्रत्येक चाचणीत जिंकलं असं सांगतो, तो मी दुसऱ्यांदा वाचतो.

सूज मोजता येते, पण वेदना उंदराला विचारता येत नाही. तिच्यासाठी आडवाटा शोधलेल्या आहेत. ५५ अंश सेल्सिअसच्या आसपास तापवलेल्या पत्र्यावर उंदीर ठेवायचा आणि तो पाय चाटायला किंवा उडी मारायला किती सेकंद घेतो ते पाहायचं. ठरावीक सेकंद झाले की त्याला उचलायचंच, पाय भाजू द्यायचा नाही. किंवा पोटात सौम्य ॲसेटिक आम्ल टोचून तो किती वेळा अंग पिळतो ते मोजायचं. पहिली चाचणी मॉर्फिनसारख्या, मेंदू आणि मज्जारज्जूवर काम करणाऱ्या औषधांना चांगली ओळखते. दुसरी ॲस्पिरिनसारख्या औषधांनाही ओळखते, पण तिची एक मोठी खोट आहे. अर्काने उंदराला नुसती गुंगी आली किंवा त्याचे स्नायू ढिले पडले तरी तो अंग पिळायचा थांबतो. वहीत मात्र 'वेदनाशामक' अशी नोंद होते. म्हणून काळजीने काम करणारे लोक तोच उंदीर फिरत्या दांड्यावर चढवून बघतात. जो तोल सांभाळून चालतो आहे तो शुद्धीवर आहे.

आपल्याकडे औषधी वनस्पतींवर दरवर्षी शेकड्यांनी निबंध निघतात. त्यातल्या अनेकांत एक सोपी चाचणी असते: प्रथिनाचं द्रावण, बऱ्याचदा अंड्याच्या पांढऱ्या बलकाचं, अर्कासह तापवायचं आणि ते किती कमी गढूळ झालं ते पाहायचं. प्राथमिक चाळणी म्हणून ते चालेल. पण तेवढ्यावर 'संधिवातावर गुणकारी' असा मथळा देणं हा त्या झाडावरही अन्याय आहे आणि वाचणाऱ्यावरही. दुसरी पळवाट मात्रेची. उंदराला किलोमागे २०० मिलिग्रॅम दिल्यावर गुण आला असं म्हटलं, तर शरीराच्या पृष्ठफळाच्या प्रचलित हिशेबाने त्या आकड्याला ६.२ ने भागायचं. ६० किलोच्या माणसाला रोज जवळजवळ दोन ग्रॅम अर्क लागेल. अर्क, भुकटी नव्हे. तेवढा अर्क निघायला कच्चा माल त्याहून बराच लागतो. घरच्या काढ्यात तो उतरतो का, हा प्रश्न निबंधाच्या शेवटी विचारलेला क्वचितच आढळतो.

यात प्राण्यांना त्रास होतो, हेही बोललं पाहिजे. प्राण्यांऐवजी दुसरी पद्धत वापरता आली तर वापरा, नाहीतर संख्या कमी करा, आणि त्रास कमी करा, ही तीन सूत्रं रसेल आणि बर्च यांनी १९५९ मध्ये मांडली. भारतात अशा प्रयोगांना संस्थेच्या प्राणिनीती समितीची परवानगी लागते. ज्या चाचणीचं उत्तर आधीच ठाऊक आहे ती केवळ पदवीसाठी पुन्हा करणं मला गैर वाटतं.

सालईकडे परत येऊ. डिंकातले कामाचे घटक म्हणजे बॉसवेलिक आम्लं. त्यांतलं एक लांबलचक नावाचं, शास्त्रज्ञ ज्याला थोडक्यात 'आकबा' म्हणतात ते, सर्वांत जोरकस ठरलं. जर्मनीतल्या ट्युबिंगेनच्या हसन सफायही आणि हेर्मान अमॉन यांच्या गटाने १९९२ मध्ये दाखवलं की, ल्युकोट्रायीन बनवणारं ५-लिपॉक्सिजिनेज हे विकर बॉसवेलिक आम्लं रोखतात. म्हणजे ॲस्पिरिन ज्या फाट्यावर बांध घालते त्याच्या बरोबर दुसऱ्या फाट्यावर. पोटाला धक्का का लागत नाही याचंही उत्तर त्यात होतं. सगळं छान जुळत होतं. अनेक माहितीपत्रकं आजही तिथेच थांबतात.

संशोधन थांबलं नाही. नळीतल्या पेशींवर जे घडतं ते रक्तात घडतं का, हे ओलिव्हर व्हेर्त्स यांच्या गटाने तपासलं, आणि २००९ मध्ये त्यांना दिसलं की संपूर्ण रक्तात बॉसवेलिक आम्लं हे विकर रोखू शकत नाहीत. ही आम्लं रक्तातल्या प्रथिनांना घट्ट चिकटून बसतात, शिवाय गोळी घेतल्यावर आकबा रक्तात पोचतं तेच मुळी फार थोडं. मग गुण येत असेल तर कशाने? त्याच गटाने पुढे दोन वेगळी ठिकाणं दाखवली: पांढऱ्या पेशींतलं कॅथेप्सिन-जी हे प्रथिन कापणारं विकर, आणि प्रोस्टाग्लँडिन-ई२ तयार करण्याच्या अगदी शेवटच्या पायरीवरचं विकर. २०२० मध्ये आणखी एक वळण आलं. आकबा ५-लिपॉक्सिजिनेजला नेमकं कुठे चिकटतं याची स्फटिकरचना प्रसिद्ध झाली. ते विकराच्या मुख्य खाचेत बसत नाही, दूर बाजूला बसतं, आणि विकराचं काम बंद पाडण्यापेक्षा त्याची दिशाच बदलतं. दाह वाढवणाऱ्या रेणूंऐवजी वेगळे रेणू बनू लागतात.

तीस वर्षांत एकाच डिंकाबद्दलचं उत्तर तीनदा बदललं. शास्त्रज्ञांचं एकमत नाही म्हणजे सगळं थोतांड, असं यावर कुणी म्हणेल. मला उलट वाटतं. आधीच्या उत्तराला धक्का लावायची तयारी ठेवून कुणीतरी काम करत आहे म्हणून ते बदललं. रक्तात आम्लं कमी पोचतात हा प्रश्न विचारल्यामुळे एक व्यवहारोपयोगी गोष्टही कळली. निरोगी लोकांवर २००४ मध्ये झालेल्या अभ्यासात दिसलं की उपाशीपोटी घेतलेल्या अर्कापेक्षा भरपूर स्निग्ध जेवणाबरोबर घेतलेल्या अर्कातून रक्तात कितीतरी जास्त आम्लं उतरतात. औषध तुपातून, दुधातून देण्याची वैद्यांची अनुपानाची पद्धत इथे साहजिकच आठवते. प्रत्येक अनुपान असंच तपासून बघावंसं वाटायला एवढं कारण पुरेसं आहे.

आता माणूस. गुडघेदुखीचा माणूस डॉक्टरकडे कधी जातो? दुखणं असह्य होतं तेव्हा. आणि झिजेचं दुखणं चढ-उताराचं असतं. जे शिखरावर आहे ते काहीही न करता थोडं खाली येणारच. त्याच आठवड्यात जे काही घेतलं त्याला यश मिळतं, मग तो काढा असो, लेप असो की इंजेक्शन. यात कुणी आपलं म्हणणं ऐकून घेतलं, गुडघ्याला हात लावून पाहिलं, याने मिळणारा उतार मिळवा. तो उतारही खराच असतो. माणूस खोटं बोलत नसतो. पण तो डिंकाचा गुण नसतो. म्हणून तुलनेला प्लासिबो, म्हणजे दिसायला तशीच पण औषध नसलेली कॅप्सूल, लागते. कुणाला काय मिळणार हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवायचं, आणि ते रुग्णाला किंवा तपासणाऱ्या डॉक्टरला कळू द्यायचं नाही. सालईच्या बाबतीत यात एक विशेष अडचण आहे. डिंकाला वास आहे. कॅप्सूल उघडून हुंगली की गुपित फुटतं, तेव्हा प्लासिबो बनवणाऱ्याला वासाचाही विचार करावा लागतो.

नागपुरात एन. किम्मतकर, विजय ठवणी आणि सहकाऱ्यांनी अशी चाचणी केली. ती २००३ मध्ये प्रसिद्ध झाली. गुडघ्याची झीज असलेले ३० रुग्ण. पंधरा जणांना आठ आठवडे अर्क, पंधरा जणांना प्लासिबो. मग औषधाचा अंमल उतरावा म्हणून मधे काही काळ काहीच नाही, आणि नंतर अदलाबदल: ज्यांना अर्क होता त्यांना प्लासिबो, ज्यांना प्लासिबो त्यांना अर्क. या पद्धतीत प्रत्येक रुग्णाची तुलना त्याच्याच दुसऱ्या अवस्थेशी होते, त्यामुळे तीस माणसंही बरंच सांगून जातात. अर्काच्या काळात वेदना कमी झाली, गुडघा जास्त वाकू लागला, चालण्याचं अंतर वाढलं. एक्स-रेमध्ये मात्र काहीही फरक पडला नाही. गुडघेदुखीच्या प्रत्येक रुग्णापर्यंत हे वाक्य पोचायला हवं. अर्काने आराम पडला, झिजलेली कूर्चा भरून आली असं या चाचणीत दिसलं नाही.

पुढे नागपुरातच ६६ रुग्णांवर सहा महिने सालईचा अर्क आणि व्हॅल्डेकॉक्सिब हे वेदनाशामक औषध यांची तुलना झाली, २००७ मध्ये तिचा निबंध आला. व्हॅल्डेकॉक्सिबचा गुण महिन्याभरात दिसला आणि गोळी बंद होताच गेला. अर्काला दोन महिने लागले, पण बंद केल्यावरही महिनाभर परिणाम टिकला. निष्कर्ष मोहात पाडणारा आहे, पण ही चाचणी उघडी होती, कोण काय घेतो हे सर्वांना माहीत होतं. त्यामुळे तिचं वजन मी पहिलीपेक्षा कमी धरतो. आणि ज्याच्याशी तुलना केली ते व्हॅल्डेकॉक्सिब हृदयाचे धोके आणि त्वचेच्या गंभीर प्रतिक्रिया यांमुळे अमेरिकेच्या बाजारातून २००५ मध्येच काढून घेतलं गेलं होतं.

वेदना माणसाला विचारता येते, पण काय विचारायचं? जगभर वापरली जाणारी वोमॅक नावाची २४ प्रश्नांची पत्रिका आहे: पाच प्रश्न वेदनेचे, दोन आखडण्याचे, सतरा रोजच्या हालचालींचे. ती पाश्चात्त्य घरांसाठी लिहिलेली. मोटारीत चढणं-उतरणं, बाथटबमध्ये शिरणं असे प्रश्न वाड्यावस्तीवरच्या बाईला विचारून काय कळणार? तिचा गुडघा बोलतो तो मांडी घालून बसताना, भारतीय संडासात उकिडवं बसताना, चुलीपुढून उठताना. पुण्याच्या सेंटर फॉर ऱ्हुमॅटिक डिसीजेसमध्ये डॉ. अरविंद चोप्रा यांच्या गटाने या पत्रिकेचं भारतीय रूप तयार करून ते आपल्या चाचण्यांत वापरलं. मला हे काम एखाद्या नव्या रेणूच्या शोधाएवढंच महत्त्वाचं वाटतं. प्रश्नच चुकीचा असेल तर चिठ्ठ्या टाकून आणि गुपित राखून मिळणार काय?

चोप्रा आणि भूषण पटवर्धन यांच्या पुढाकाराने, केंद्र सरकारच्या पाठबळावर, सुंठ, गुळवेल, आवळा अशा वनस्पतींचे मिश्र कल्प गुडघेदुखीवर तपासले गेले. आधी २४५ रुग्णांवर पाच कल्पांची चाचपणी झाली. त्यातून निवडलेले दोन मुख्य चाचणीत घेतले. त्यांतल्या एकात सालईचा डिंक होता. मुख्य चाचणीत ४४० रुग्ण होते, २४ आठवडे, आणि तुलना होती ग्लुकोसामिन व सेलेकॉक्सिब या प्रचलित औषधांशी. निष्कर्ष २०१३ मध्ये आला: वेदना आणि हालचाल या दोन्ही बाबतींत आयुर्वेदीय कल्प त्यांच्या बरोबरीचे ठरले. पण आयुर्वेदीय गटांतल्या काही रुग्णांच्या रक्तात यकृताचं एक विकर वाढलं. त्यांना त्रास काही जाणवत नव्हता, औषध बंद केल्यावर आकडा पूर्ववत झाला. संशोधकांनी हे निष्कर्षातच ठळकपणे लिहिलं आणि सुरक्षिततेचा आणखी अभ्यास हवा असं सांगितलं. 'आयुर्वेदिक आहे, अपाय होणार नाही' असं आपण सहज म्हणतो. रक्त तपासलं नसतं तर त्या रुग्णांनीही तेच म्हटलं असतं.

सालईवरच्या चांगल्या चाचण्या एकत्र करून कोक्रेन या वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या संस्थेच्या २०१४ च्या आढाव्याने एक आकडा काढला. शून्य ते शंभरच्या मापावर प्लासिबो घेणाऱ्यांची वेदना ४० होती. आकबाचं प्रमाण वाढवलेला अर्क रोज १०० मिलिग्रॅम, ९० दिवस घेणाऱ्यांची २३. सतरा गुणांचा फरक. जिना चढताना तो कळतो. पण हा आकडा दोन चाचण्यांतल्या मिळून ८५ रुग्णांवर उभा आहे, आणि तो विशिष्ट अर्काचा आहे. बाजारातल्या कुठल्याही डिंकाच्या पुडीला तो लावता येत नाही.

या शेवटच्या मुद्द्यावर सगळं अडतं. सालईच्या डिंकात आकबा मुळात थोडं. झाड, जागा, हंगाम बदलला की प्रमाण बदलतं. त्यात सालई गुग्गुळ आणि खरा गुग्गुळ ही दोन वेगळ्या झाडांची द्रव्यं नावाच्या सारखेपणामुळे एकमेकांच्या जागी जातात. म्हणून चांगली प्रयोगशाळा प्रत्येक खेपेच्या मालाचा रासायनिक ठसा घेते, शिसं आणि पारा तपासते, आणि अर्कात कुठलं आम्ल किती हे लिहून ठेवते. भारतात २०१५ पासून अशा ठरावीक घटकांच्या, शुद्ध केलेल्या वनस्पती-अर्कांसाठी औषधांचा स्वतंत्र वर्ग कायद्यात आहे.

तपासणी नसेल तर काय होतं याचंही उदाहरण आहे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०२२ मध्ये सांधेदुखीसाठी नैसर्गिक म्हणून विकल्या जाणाऱ्या एका पूरक उत्पादनाबद्दल इशारा दिला. त्यात डायक्लोफेनॅक आणि डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड मिसळलेलं होतं, लेबलवर त्यांचा पत्ता नव्हता. सालईच्या अर्काला गुण दाखवायला आठवडे लागतात, हे नागपूरच्या कामातून आपण पाहिलं. म्हणून कुणी दिलेल्या 'जडीबुटी'च्या पुडीने दोन दिवसांत चमत्कार झाला, तर आनंदाच्या आधी शंका यावी. अशी पुडी बरेच दिवस घेतली असेल तर ती मनाने एकदम बंदही करू नये. स्टेरॉइड अचानक तोडलं तर अंगावर उलटतं. पुडी घेऊन डॉक्टरांकडे जावं. रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील, यकृताचा जुना आजार असेल, तर सालईची गोळीसुद्धा विचारूनच घ्यावी.

राहिलं झाड. इथिओपिया आणि त्याच्या आसपासच्या देशांत धूप देणाऱ्या सालईच्या बहिणीचा मोठा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. म्हातारी झाडं उभी आहेत, पण लहान झाडं जवळजवळ नाहीतच. असंच चाललं तर वीस वर्षांत धुपाचं उत्पादन निम्म्यावर येईल, असा त्याचा अंदाज. वणवे, चराई आणि बेसुमार चिरा ही कारणं. ही कारणं सातपुड्यालाही नवी नाहीत. सालईच्या जाड फांद्या पावसाच्या तोंडावर रोवल्या तर त्या धरतात, हा तिचा एक चांगला गुण, आणि रोपवाटिका नसलेल्या गावालाही तो वापरता येतो. डिंकाच्या प्रत्येक चाचणीत रुग्णांचं वय, वजन, वेदनेचे गुण बारकाईने लिहिलेले असतात. त्याच तक्त्यात डिंक कुठल्या जंगलातला, कुठल्या महिन्यात काढलेला, झाडाला किती चिरा मारून मिळवलेला, एवढे तीन रकाने मला हवे आहेत. आकबाचं प्रमाण का बदलतं याचं उत्तरही बहुधा त्याच रकान्यांतून निघेल.